खानदेशातल्या गावांच्या वेशीवरच्या कमानीवर काय कोरायचं?

"दोन सिंह, मधे गावाचं नाव. साचा तयार मिळतो," नाना म्हणाले.

"मग चोपड्याकडचं गाव कुठलं अन् शहाद्याकडचं कुठलं, ओळखायचं कशावरून?" भैयानं अडवलं. "फैजपूरला १९३६ साली काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलं. चित्रकार नंदलाल बोसांनी सजावट बांबूची केली. तिथे शोभेल ती बांबूची वीण."

"बांबूला भुंगा लागतो."

"वीण दगडात कोरायची ना, नाना!"

आबांचा आक्षेप मजकुरावर होता. "चाळीसगावजवळच्या पाटणला 'भास्कराचार्यांची जन्मभूमी' लिहायचा मोह होतो. तिथे पक्का आहे तो शिलालेख, नातू चांगदेवानं उभारलेल्या मठाचा. तेच लिहा. भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६. ७८ मिळवले की इसवी सन १११४. पेंटरला नुसता '१०३६' दिला, की पाटीवर त्याचा इसवी सन होतो."

"आणि बोली?" भैया म्हणाला. "धुळ्याकडे अहिराणीतलं 'या, बठा', म्हणजे 'या, बसा', शोभेल. असोदं बहिणाबाईंचं माहेर, त्यांची गाणी लेवा बोलीतली. तिथे अहिराणी लिहिली तर गावाचाच अपमान."

हे नानांनाही पटलं. "पण एवढा मजकूर कमानीवर मावणार नाही. गाडीतून वाचायचं तर नाव फूटभर उंच हवं. कमानीवर नाव आणि एकच खूण. सनावळी खाली, पाराजवळ, डोळ्यांच्या उंचीवर काळ्या दगडात."

मग नाना कमानीच्या पायाच्या मुद्द्यावर आले, आणि इथे कोणी वाद घातला नाही. काळ्या मातीत दोन फुटांवर खांब रोवला, तर पावसाळ्यात माती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, दोन-तीन वर्षांत कमान कलते. मुरूम लागेपर्यंत खणायचं, कडेनंही मुरूमच भरून चोपायचा, पाणी खांबाकडे वळू द्यायचं नाही. खाली मोकळी उंची साडेपाच मीटर. कमी ठेवली तर कडब्यानं भरलेला ट्रक नक्षी खरवडून नेतो.

"रंगाची घाई तर सगळीकडेच," आबा म्हणाले. "उद्घाटनाची तारीख आधी ठरते, अन् ओल्या प्लास्टरवर ऑइल पेंट बसतो. आतली ओल बाहेर पडताना फोड येतात, पापुद्रे सुटतात. 28 दिवस थांबा, मग प्रायमर, मग बाहेरच्या भिंतीचा इमल्शन, दोन हात. लाल आपल्या उन्हात लवकर विटतो. नाव लाल नको."

"रस्ता बांधकाम खात्याचा असला तर?"

"आधी ग्रामसभेचा ठराव, मग खात्याची परवानगी. खड्डा त्यानंतर."