आट्रोट दोषी होता, पण ज्यासाठी सांगतात त्यासाठी नव्हे

इच्छामरणाचा विषय बातम्यांत आला की एक लांबलचक मजकूर व्हॉट्सॲपवर हमखास फिरू लागतो. त्याचा मथितार्थ असा: जर्मनीत मरणाच्या हक्काची चळवळ हान्स हेनिंग आट्रोट नावाच्या एका ख्रिस्तद्वेष्ट्याने काढली, तो लोकांना सायनाइड विकायचा, त्याला खुनाबद्दल शिक्षा झाली, मुळात ही कल्पनाच नाझींची, आज जर्मनीत मागेल त्याला डॉक्टर इंजेक्शन देऊन मारतात, आणि आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली तीच वाट धरली. शेवटी ‘डोळे उघडा’ आणि जोडलेले हात.

यात एक गोष्ट अगदी खरी आहे. आट्रोट सायनाइड विकायचा. बाकीच्या विधानांत थोडं खरं, बरंच खोटं आणि काही ठिकाणी निव्वळ बादरायण संबंध. एक एक घेऊ.

आधी खुनाचं, कारण सगळा मजकूर त्याच खुंटीवर टांगलेला आहे. आट्रोटला खुनाबद्दल शिक्षा झालीच नाही. जानेवारी १९९३ मध्ये तो पकडला गेला आणि १९९४ मध्ये आउग्सबुर्गच्या न्यायालयाने त्याला दोन वर्षांची शिक्षा सुनावली, तीही स्थगित. गुन्हे दोन: विषारी रसायनांच्या कायद्याचा भंग आणि करचुकवेगिरी. सायनाइडच्या कॅप्सूल तो हजारो मार्कांना (मार्क हे जर्मनीचं तेव्हाचं चलन) विकत होता आणि त्या कमाईवर कर भरत नव्हता.

एवढ्यावरच का सुटला? कारण जर्मन कायद्याची ठेवणच तशी आहे. १८७१ च्या दंडसंहितेपासून तिथे आत्महत्या हा गुन्हा नाही. मग जो गुन्हाच नाही, त्याला मदत करणं हाही गुन्हा कसा ठरणार? (आपल्याकडे इंग्रजांच्या दंडसंहितेने आत्महत्येचा प्रयत्नही गुन्हा ठरवला होता, म्हणून आपल्याला हे उलटं वाटतं.) मात्र दुसऱ्याने मागितलं म्हणून त्याला आपल्या हाताने मारणं, हा तिथे गुन्हा आहे: कलम २१६, सहा महिने ते पाच वर्षं कैद. विष देणारा आणि विष पाजणारा यांत तिथला कायदा फरक करतो. आट्रोट त्या रेषेच्या अलीकडे उभा राहून धंदा करत होता.

युलिउस हाकेथाल नावाच्या सर्जनचं प्रकरण त्याआधीचं. १९८४ मध्ये त्याने चेहऱ्याच्या कर्करोगाने विद्रूप झालेल्या एका रुग्ण बाईला सायनाइड मिळवून दिलं. ते ती स्वतः प्यायली. देशभर गदारोळ झाला, तरी १९८७ मध्ये म्युनिकच्या वरिष्ठ न्यायालयाने खटला चालवायला नकार दिला. कारण तेच: शेवटची कृती तिची होती.

म्हणजे आट्रोट धुतल्या तांदळासारखा होता का? मुळीच नाही. मला हा माणूस मुळीच आवडत नाही. त्याच्यावरचा खरा आरोप या मजकुरात आलेलाच नाही, आणि तो खुनाच्या खोट्या आरोपापेक्षा जास्त बोचरा आहे. कॅप्सूल मागणारा खरंच मरणपंथाला लागलेला आहे, की सहा महिन्यांच्या नैराश्यानंतर बरा होऊ शकेल असा आहे, हे तपासणारी कोणतीही रीतसर व्यवस्था त्या चोरट्या विक्रीत नव्हती. तपासणारा तोच, विकणारा तोच, पैसे घेणाराही तोच. शिवाय सायनाइडचं मरण शांत असतं ही समजूतही चुकीची. ते तडफडून येतं. ‘सन्मानाने मृत्यू’ असं संस्थेच्या कागदावर लिहायचं आणि हे विकायचं! चळवळीच्या विरोधकांनी यावर बोट ठेवलं असतं तर उत्तर देणं कठीण गेलं असतं. पण ‘खुनी’ म्हटलं की समोरचा फक्त निकालपत्र दाखवतो आणि वाद तिथेच संपतो.

‘ही चळवळ म्हणजे आट्रोटच’ हे पुढचं विधान. सुरुवातीच्या बारा-तेरा वर्षांपुरतं ते बरंचसं खरं आहे. १९४४ साली मेमेलमध्ये (आजचं लिथुआनियातलं क्लायपेडा) जन्मलेल्या या माणसाने १९८० मध्ये न्यूर्नबर्गला मानवी मृत्यूसाठीची जर्मन संस्था काढली. जर्मन लोक तिला आद्याक्षरांवरून डेगेहाएस म्हणतात. ती वाढली, नावारूपाला आली, ती त्याच्या चेहऱ्यानेच. पण अटकेनंतर संस्थेने त्याला दूर केलं आणि अध्यक्षपदी हर्मान पोलमायर हे मनोविकारतज्ज्ञ आले. संस्थापकाला तुरुंगाची हवा लागूनही संस्था टिकली, आजही आहे.

आणि जर्मनीत या बाबतीत जो खरा बदल झाला, तो सायनाइडमुळे झालाच नाही. तो झाला एका कापलेल्या नळीमुळे.

हे प्रकरण सविस्तर सांगण्यासारखं आहे. ऑक्टोबर २००२ मध्ये एका वृद्ध बाईला मेंदूत रक्तस्राव झाला आणि ती बेशुद्धावस्थेत गेली, ती कायमचीच. पोटात घातलेल्या नळीतून अन्न. त्याआधीच मुलीजवळ ती बोलली होती की, मला असं नळ्यांवर ठेवू नका. पाच वर्षं गेली. डॉक्टरही म्हणाले, यात आता काही अर्थ नाही. शुश्रूषागृहाशी तडजोड ठरली, पण त्या संस्थेच्या वरिष्ठांनी ऐनवेळी नळी पुन्हा चालू करायचा हुकूम काढला. मुलीने वकील वोल्फगांग पुट्झ यांना फोन केला. ते म्हणाले, नळी कापून टाका. २१ डिसेंबर २००७ रोजी तिने पोटालगतच नळी कापली. काही मिनिटांत कर्मचाऱ्यांच्या लक्षात आलं, पोलीस आले, बाईला रुग्णालयात नेऊन नवी नळी बसवली. ५ जानेवारी २००८ ला ती आपल्या मरणाने गेली.

फुल्डाच्या न्यायालयाने मुलीला सोडलं, पण वकिलाला मनुष्यवधाच्या प्रयत्नाबद्दल नऊ महिन्यांची स्थगित शिक्षा आणि २०,००० युरो दंड केला. पुट्झ अपिलात गेले. २५ जून २०१० रोजी सर्वोच्च फेडरल न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवलं: रुग्णाची तशी इच्छा असेल तर चालू उपचार थांबवणं हा गुन्हा नाही, मग ते थांबवणं यंत्राचं बटण बंद करून असो की नळी कापून. त्याच्या आदल्याच वर्षी, १ सप्टेंबर २००९ पासून, संसदेने रुग्णाचं आगाऊ लेखी इच्छापत्र डॉक्टरांवर बंधनकारक केलं होतं. ही दोन पावलं रुग्णालयाच्या खाटेवर पडलेल्या हजारो माणसांना लागू होतात, आणि ती आट्रोटला शिक्षा होऊन गेल्यावर पंधरा-सोळा वर्षांनी पडली.

आता ख्रिस्तद्वेष. आट्रोटने ख्रिस्ती धर्मावर, खुद्द येशूवर, अत्यंत जहाल लिहिलं, हे खरं. टीका करायचा त्याला हक्क होता, आणि ती टीका वाचून वैतागण्याचा इतरांनाही. पण त्यावरून चळवळच धर्माच्या मुळावर उठलेली आहे, हा निष्कर्ष म्हणजे सुतावरून स्वर्ग. ट्युबिंगनचे धर्मशास्त्रज्ञ हान्स क्युंग हे कॅथलिक पाद्री होते. शिकवण्याची परवानगी व्हॅटिकनने १९७९ मध्ये काढून घेतली, तरी पाद्रीपद शेवटपर्यंत राहिलं. त्यांनी १९९५ मध्ये लेखक वॉल्टर येन्स यांच्याबरोबर सन्मानाने मरण्याच्या बाजूने पुस्तक लिहिलं, आणि स्वित्झर्लंडमधल्या मरणसाहाय्य संस्थेचे ते सभासद होते. त्यांचं म्हणणं सश्रद्ध माणसाचं होतं: आयुष्य देवाने दिलं, तशी ते संपवण्याची जबाबदारीही त्यानेच माणसाकडे सोपवली. दुसरं उदाहरण रोगर कुश यांचं. हॅम्बर्गमध्ये ते ख्रिस्ती लोकशाही पक्षाचे न्यायमंत्री होते. पुढे पक्ष सोडून त्यांनी मरणसाहाय्याची वेगळी संस्था काढली. जानेवारी २०२१ मध्ये तर काही प्रोटेस्टंट धर्मशास्त्रज्ञांनी आणि चर्चच्या समाजसेवा संस्थेच्या अध्यक्षांनी वर्तमानपत्रात लिहिलं की, चर्चच्या संस्थांमध्येही अशा मदतीला जागा असावी. चर्चच्या नेतृत्वाने हात झटकले, वाद पेटला. पण वाद चर्चच्या आत पेटला, हे महत्त्वाचं.

येन्स यांची गोष्ट मजकूर लिहिणाऱ्याला माहीत असती तर त्याने नक्की वापरली असती, म्हणून मीच सांगतो. स्मृतिभ्रंश झाला तर जगायचं नाही, असं जाहीर म्हणणारा हा माणूस स्मृतिभ्रंशानेच ग्रासला. आणि त्या अवस्थेत, त्यांच्या पत्नी इंगे येन्स यांनी सांगितल्याप्रमाणे, ते ‘मारू नका’ अशी विनवणी करायचे. खाण्यात, लहानसहान गोष्टींत त्यांना आनंद वाटायचा. २०१३ मध्ये ते नैसर्गिक मरणाने गेले. धडधाकट असताना लिहिलेली इच्छा पुढे बदललेल्या माणसाला किती बांधील असावी, हा प्रश्न या चळवळीसमोरचा सगळ्यात अवघड प्रश्न आहे. माझ्याकडे त्याचं तयार उत्तर नाही. सायनाइडच्या कथेत तो विचारलाही जात नाही.

नाझींचा मुद्दा एका वाक्यात उडवून लावता येत नाही. तो उडवणारे समर्थकही माझ्या मते चूक करतात. जानेवारी १९४० ते ऑगस्ट १९४१ या काळात ‘टी-फोर’ या सांकेतिक नावाने (बर्लिनमधला पत्ता: टियरगार्टनस्ट्रास ४) सहा केंद्रांत सुमारे ७०,००० मनोरुग्ण आणि अपंग विषारी वायूने मारले गेले. राखाडी बस गावोगावच्या आश्रमांतून माणसं उचलायची आणि घरी पत्र यायचं: अमुक रोगाने मृत्यू. अपेंडिक्स आधीच काढलेल्या माणसाच्या घरच्यांना अपेंडिक्सने गेल्याचं पत्र आलं, तेव्हा कुजबुज सुरू झाली. ३ ऑगस्ट १९४१ रोजी म्युन्स्टरच्या चर्चमधून बिशप फोन गालेन यांनी हे उघड बोलून दाखवलं. प्रवचनाच्या प्रती हातोहात फिरल्या, त्याच महिन्यात वायुकेंद्रांचं काम अधिकृतपणे थांबलं. हत्या मात्र उपासमार आणि औषधं वापरून पुढेही चालूच राहिल्या. चर्चला याचं श्रेय द्यायलाच हवं, आट्रोट काहीही म्हणो.

पण या मारल्या गेलेल्यांपैकी कोणी मरण मागितलं होतं? त्यांना विचारलंच नव्हतं. अर्ज भरला डॉक्टरने, खूण केली अधिकाऱ्याने. आपण कधी मरायचं हे दुसऱ्याने ठरवणं आणि आपण स्वतः ठरवणं, या दोन गोष्टी एका माळेचे मणी कशा?

तरीही इतिहास स्वच्छ नाही. १८९५ मध्ये अडॉल्फ योस्टने मरणाच्या हक्कावर पुस्तिका लिहिली, तिच्यात पीडिताची कीव आणि समाजाचा फायदा हे दोन्ही हिशेब एकत्रच होते. चर्चविरोधी विचारवंत अर्न्स्ट हेकेल त्याच सुरात बोलला. १९२० मध्ये कायदेपंडित बिंडिंग आणि मनोविकारतज्ज्ञ होखे यांच्या पुस्तिकेत तर ‘जगण्यास नालायक जीवन’ नष्ट करण्याची परवानगी मागितली होती. सुरुवात मरण मागणाऱ्या रुग्णापासून, शेवट न विचारलेल्या मनोरुग्णावर. उतरण कशी लागते ते इथे दिसतं. म्हणूनच आजच्या जर्मन कायद्यात ‘स्वतःच्या इच्छेने, दबावाशिवाय’ या अटीवर इतका भर आहे.

‘मागेल त्याला इंजेक्शन’ हे तर साफ खोटं. कलम २१६ आजही आहे. डॉक्टरने स्वतः इंजेक्शन टोचून मारलं तर तो आजही तुरुंगात जाईल. २०१५ मध्ये संसदेने ३६० मतांनी नवं कलम २१७ आणून संस्थांमार्फत नियमितपणे दिल्या जाणाऱ्या मदतीवर बंदी घातली होती. २६ फेब्रुवारी २०२० रोजी कार्ल्सरुहच्या घटनात्मक न्यायालयाने ते कलम रद्द केलं आणि म्हटलं की, आपलं मरण स्वतः ठरवण्याचा हक्क व्यक्तिमत्त्वाच्या हक्कातच येतो, तो फक्त असाध्य रुग्णांपुरता नाही. निकाल खूप पुढचा आहे, त्यावर टीका जरूर व्हावी. पण त्याच निकालात हेही आहे की कोणत्याही डॉक्टरला मदतीची सक्ती करता येणार नाही. समुपदेशन कसं, मुदत किती, हे ठरवणारी दोन विधेयकं जुलै २०२३ मध्ये संसदेत आली आणि दोन्ही पडली. म्हणजे हक्क आहे, चौकट अर्धवट आहे. आट्रोटच्या काळात जी उणीव होती, तिचा काही भाग अजून तसाच आहे. आरोप करायचा तर हा करा.

राहिला भारत. २०११ मध्ये मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातल्या अरुणा शानबाग यांच्या प्रकरणात आणि पुढे ९ मार्च २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने परवानगी दिली ती उपचार थांबवण्याची, नाकारण्याची. विष देणं, इंजेक्शन देणं, मरायला मदत करणं, हे सगळं आजही गुन्हा. आपण गेलोच तर पुट्झच्या वाटेने गेलो, आट्रोटच्या नव्हे. आणि ही कल्पना कोणा जर्मनाने आपल्या गळ्यात घातली असंही नाही: १९८१ मध्ये मिनू मसानी यांनी मुंबईतच सन्मानाने मरण्याच्या हक्कासाठी संस्था काढली होती.

२०१८ चे नियम इतके किचकट होते की इच्छापत्रावर न्यायदंडाधिकाऱ्याची प्रतिस्वाक्षरी लागे. जानेवारी २०२३ मध्ये ते सोपे झाले, आता नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी चालतो. रुग्णालयाची दोन वैद्यकीय मंडळं मात्र अजूनही लागतात. मे २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाचे न्यायमूर्ती एम. एस. सोनक यांनी असं इच्छापत्र नोंदवलं, गोव्यातलं ते पहिलं. ज्यांना हा मजकूर पुढे पाठवायचा आहे, त्यांनी आधी तसल्या इच्छापत्राचा नमुना एकदा वाचावा. त्यात कृत्रिम श्वास, नळीने अन्न, हृदय बंद पडल्यास पुन्हा चालू करण्याचा प्रयत्न यांबद्दल ‘हवं’ की ‘नको’ एवढंच लिहायचं असतं, आणि आपल्याला बोलता येत नसेल तेव्हा निर्णय कोणी घ्यायचा त्याचं नाव.