परदेशी इतिहासकाराकडून व्याख्यान नको, कागद तपासायची शिस्त मागा

नवी मुंबईत परदेशी विद्यापीठांची केंद्रं येणार म्हटल्यापासून इतिहास शिकवणाऱ्यांत एकच चर्चा आहे: बाहेरचे प्राध्यापक आले तर त्यांच्याकडून घ्यायचं काय? माझं मत असं की त्यांचे निष्कर्ष घेऊ नयेत. कागद तपासायची त्यांची रोजची शिस्त घ्यावी आणि ती आपल्या वर्गात रुजेपर्यंत त्यांचा पिच्छा सोडू नये.

जपानने नेमकं हेच केलं. १८८७ साली लुडविग रीस हा पंचविशीतला जर्मन टोकियोच्या विद्यापीठात आला. त्याचं स्वतःचं संशोधन मध्ययुगीन इंग्लंडमधल्या पार्लमेंटच्या निवडणुकांवर होतं. तो जपानी इतिहास शिकवायला गेलाच नव्हता. शिगेनो यासुत्सुगु, कुमे कुनिताके ही जपानी इतिहासकार मंडळी आधीपासूनच जुने कागद गोळा करून चिकित्सेने वाचत होती. रीसने त्यात भर घातली ती रांके या जर्मन इतिहासकाराच्या परंपरेतली साधन-चिकित्सा, म्हणजे मूळ कागदांची कसून तपासणी, संशोधकांची संस्था आणि नियतकालिक यांची. १८८९ मध्ये शिगाकुकाई ही इतिहास-संस्था निघाली, तिचं नियतकालिक आजही चालू आहे. डच आणि इंग्रजी दफ्तरं वापरून हिरादो या जपानी बंदरातल्या इंग्रज वखारीचा इतिहास त्याने स्वतः लिहून दाखवला, म्हणजे जपानच्या इतिहासाला जपानबाहेरचे कागद कसे लागतात तेही मुलांनी पाहिलं.

किंमत मात्र स्थानिकांनी मोजली. शिंतो हा जपानचा मूळ धर्म आकाशपूजेच्या जुन्या प्रथेचा अवशेष आहे असं लिहिल्याबद्दल कुमे यांना १८९२ मध्ये विद्यापीठ सोडावं लागलं. पुढच्याच वर्षी सरकारी इतिहासलेखनाचं काम थांबलं. १८९५ मध्ये ते पुन्हा सुरू झालं ते फक्त मूळ कागद छापण्यापुरतं. पण १९०१ पासून छापत आलेले ते खंड हेच जपानी इतिहासाचं आजचं भांडवल आहे.

आता मुंबई. फादर हेन्री हेरास हे स्पॅनिश जेझुइट (ख्रिस्ती धर्मसंघातले पाद्री) १९२२ मध्ये सेंट झेवियर्स कॉलेजात आले. प्राचार्यांनी विचारलं, कुठला इतिहास शिकवाल? हेरास यांनी उलट विचारलं, तुम्हाला कुठला येत नाही? उत्तर आलं, भारताचा. मग मी तोच शिकवणार, असं ते म्हणाल्याची आठवण अजून सांगतात. १९२६ मध्ये त्यांनी कॉलेजातच संशोधन संस्था काढली, तीच आजची हेरास इन्स्टिट्यूट. नाणी, मूर्ती, हस्तलिखितं आणि ग्रंथ एका छताखाली आणले. विजयनगरच्या अरविडू घराण्यावर काम करताना जेझुइटांची पत्रं आणि शिलालेख त्यांनी एकमेकांवर घासून पाहिले. त्यांचे विद्यार्थी जॉर्ज मोराइस यांनी कदंब राजघराण्यावर केलेलं काम त्याच मुशीतलं.

कागद छापायची दृष्टी आपल्याकडे आधीच होती, हे विसरून चालणार नाही. राजवाड्यांचा साधनांचा पहिला खंड १८९८ चा, भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० चं. पण ते सगळं विद्यापीठाच्या बाहेर, पदरमोड करून. हेरास यांनी ते काम पदवीच्या अभ्यासात आणलं, म्हणून मला त्यांचं मोल मोठं वाटतं. सिंधू लिपीचं त्यांचं द्राविडी वाचन मात्र टिकलं नाही. लेख सरासरी पाचेक चिन्हांचे, द्विभाषिक लेख एकही नाही, मग वाचन बरोबर की चूक हे ताडून पाहायचं कशावर? त्यांनीच शिकवलेली कसोटी त्यांच्या वाचनाला लावली की ते गळून पडतं, आणि तशी लावणं हा त्यांचा अपमान मुळीच नाही.

ही शिस्त वर्गात दिसते कशी? आठ-दहा मुलं, एक टेबल, आठवड्याला सलग दोन तास. प्रत्येकाकडे सत्रभर एकच कागद. आधी ओळीला ओळ अशी नक्कल. फाटलं आहे तिथे टिंबं द्यायची, अंदाजाने शब्द भरायचा नाही. छापील मराठी साधनांत सगळ्यात जास्त घोळ इथेच झाले आहेत: संपादकाने भरलेला शब्द पुढच्या माणसाने मूळचा समजून उद्धृत केला. मग कागद अस्सल आहे, मसुदा आहे की नक्कल, हे ठरवायचं. शिवछत्रपतींच्या पत्राच्या माथ्यावर मुद्रा आणि शेवटी ‘मर्यादेयं विराजते’ हे मोर्तब, म्हणजे समाप्तीचा शिक्का, हवं. ते नसेल तर कागद लगेच खोटा ठरत नाही, नक्कल असू शकते. पण मग ती कोणी, कधी आणि कशासाठी करून घेतली ते शोधावं लागतं. वतनाच्या भांडणात पुढे केलेल्या नकला तर दहादा तपासाव्यात.

त्यानंतर तारीख. मुलं सर्वांत जास्त इथे घसरतात. इसवी सन काढायला शकात डिसेंबरअखेरपर्यंत ७८ मिळवायचे, जानेवारीपासून फाल्गुनाअखेर ७९. पानिपत शके १६८२ च्या पौषातलं. ७८ मिळवले तर १७६० येतं आणि लढाई वर्षभर आधीच होऊन जाते. पेशवाईच्या कागदात ‘सुर सन इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे अरबी आकड्यांत लिहिलेलं सुर (शुहूर) सनाचं ११६१ वं वर्ष. हे वर्ष मृग नक्षत्राला सुरू होतं, म्हणून तिथून डिसेंबरपर्यंत ५९९ मिळवायचे आणि नंतर ६००. सतराव्या शतकातल्या इंग्रज वखारींची पत्रं हा आणखी एक सापळा आहे. त्यांची जुनी कालगणना दहा दिवस मागे आणि वर्ष २५ मार्चला बदलणारं. राज्याभिषेकाचा ६ जून १६७४ हा त्याच गणनेतला. पोर्तुगीजांच्या नव्या (ग्रेगोरियन) गणनेत तोच दिवस १६ जून येतो. हे ठाऊक नसलं की एकाच घटनेच्या दोन घटना होतात.

शेवटी आतली तपासणी: लिहिणारा तिथे होता का, किती वर्षांनी लिहितोय, कोणाच्या पदरी आहे. बखरकार सभासद शिवाजी महाराजांच्या काळातला माणूस. चिटणिसांची बखर शंभराहून अधिक वर्षांनंतरची. दोघांचं वाक्य एकाच वजनाने उद्धृत करणारा प्रबंध परत पाठवायला हवा.

हे सगळं आपल्याकडे होऊ शकतं. राज्याचं पुराभिलेखागार काळा घोड्याला एल्फिन्स्टनच्या इमारतीत आहे, एशियाटिक सोसायटीचं ग्रंथालय तिथून चालत जाण्याच्या अंतरावर. अडतं ते मोडीवर. मोडी न येता मराठेशाहीवर एम.ए. होता येतं, कारण परीक्षेत छापील पुस्तकांवरचे प्रश्न येतात. म्हणून बाहेरून कोणी नामवंत येणार असेल तर उद्घाटनाचं भाषण एका तासात उरका. मग इथल्या मोडी जाणणाऱ्या शिक्षकाला त्यांच्या शेजारी बसवा, सत्रभर दोघांनी मिळून वर्ग घ्यावा, आणि परीक्षेत आधी न पाहिलेला एक मोडी कागद तीन तासांसाठी मुलांच्या हातात द्यावा: लिप्यंतर, तारीख, अस्सल की नक्कल, आणि या कागदावरून काय म्हणता येत नाही.