अंड्यांचा भाव आणि कांद्याचा लिलाव

२०२५च्या मार्चमध्ये अमेरिकेत डझनभर अंड्यांचा सरासरी भाव ६.२३ डॉलरवर गेला होता. आम्ही न्यू जर्सीत राहतो. त्या दिवसांत माझ्या मुलाच्या सातवीच्या बाईंनी फळ्यावर एवढंच लिहिलं, ‘अंडी महाग का झाली?’ आणि दोन आठवडे उत्तर सांगितलं नाही.

मुलांनी घरची जुनी बिलं शोधून आणली. बर्ड फ्लूमुळे कोट्यवधी कोंबड्या गेल्या, हे पहिल्याच दिवशी कळलं. मग एका मुलीने विचारलं, कोंबड्या मेल्या तर चिकन तेवढं महाग का नाही झालं? शोधल्यावर कळलं की अंड्यांच्या कोंबड्या वेगळ्या, मांसाच्या वेगळ्या आणि मोठा फटका अंड्यांच्या कोंबड्यांना बसला होता. नवीन पिल्लू अंडी घालायला चार-पाच महिने घेतं, म्हणजे भाव चढला तरी माल लगेच वाढत नाही. ‘पुरवठा’ हा शब्द बाईंनी त्यानंतर फळ्यावर लिहिला. तोवर तो मुलांना कळून चुकला होता.

इथे २०१३ साली सामाजिक शास्त्रांच्या शिक्षणासाठी सी-थ्री नावाचा आराखडा आला. आधी प्रश्न, मग पुरावे, मग स्वतःचा निष्कर्ष, अशी त्याची रीत. पण म्हणून इथलं सगळंच चांगलं, असं नाही. न्यू जर्सीत २०१९च्या कायद्याने सहावी ते आठवीला आर्थिक साक्षरता सक्तीची झाली. त्या तासाला माझ्या मुलाने क्रेडिट कार्डाच्या व्याजाच्या रिकाम्या जागा भरल्या. उपयोगाचं आहे ते, नाही कशाला म्हणू? पण त्यावर त्याला एकही प्रश्न पडला नाही.

नाशिकच्या आमच्या शाळेच्या ग्रुपवर सध्या वाद चाललाय तो याच अंगाने. एक बाजू म्हणते, सातवीपासून एसआयपी, म्हणजे दरमहा ठरावीक गुंतवणूक, आणि शेअर बाजार शिकवा. दुसरी म्हणते, पोरांच्या डोक्यावर आणखी एक विषय नको. मला दोन्ही पटत नाहीत. बचत शिकवावी, पण बाराव्या वर्षी मुलाला आधी भाव कसा ठरतो याचं कुतूहल वाटायला हवं. त्यासाठी नाशिक जिल्ह्याइतकी चांगली जागा मला तरी माहीत नाही.

माझ्या भावाची शेती निफाड तालुक्यात आहे. डिसेंबर २०२३मध्ये केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली आणि भाव कोसळले. तेव्हा सहावीत असलेल्या माझ्या भाचीने फोनवर विचारलं, “आत्या, कांदा आपला, बाहेरचे लोक घ्यायला तयार, मग मध्येच बंद का?” शाळेत तिला सांगितलं गेलं होतं की हे परीक्षेत येणार नाही.

मी तिला म्हटलं, बाबांसोबत लासलगावच्या बाजार समितीत कांद्याच्या लिलावाला जा आणि दिसेल ते वहीत लिही. तिने लिहिलं. ट्रॅक्टरच्या रांगा. व्यापाऱ्यांचा घोळका एका ट्रॉलीपाशी थांबतो, हातात कांदा घेऊन दाबून बघतो, बोली चढते आणि मिनिटभरात पुढच्या ट्रॉलीकडे सरकतो. फळ्यावर किमान, कमाल, सर्वसाधारण असे तीन दर. गोल्टीला, म्हणजे बारक्या कांद्याला, कमी. हिशेबपट्टीत, म्हणजे शेतकऱ्याला मिळणाऱ्या विक्रीच्या कागदावर, हमाली, तोलाई वजा. खाली तिचा प्रश्न होता: ‘भाव बाबा का नाही सांगत?’

माझ्या मुलाने दोन आठवडे अंड्यांवर काम केलं, पण कोंबड्या पाळणारा एकही माणूस पाहिला नाही. भाचीचा तर बापच रांगेत उभा होता. तिच्याच वर्गात नोकरदारांची मुलं आहेत, त्यांच्या घरी कांदा स्वस्त झाला की बरं वाटतं. दोघांनी आपापल्या घरचा कागद बाकावर शेजारी शेजारी ठेवावा, एकाने बिल, दुसरीने पट्टी. मधल्या पैशाचा माग वर्गाने काढावा. सरकारने निर्यात का थांबवली, शहरातल्या भावाची काळजी कुणाला होती, हेही तिथेच निघेल. एकच बरोबर उत्तर निघणार नाही, आणि मुलांना ते झेपतं. अवघडतो आपणच.

अडचणी मला दिसतात. इथे वर्गात बावीस मुलं, तिकडे पन्नास-साठ. वर गुरुजींना निवडणुकीची कामं. पण नवा विषय नकोच आहे. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवस सांगितले आहेत, सुतार, माळी, कुंभार यांच्याकडे जाऊन शिकायला. त्यातले दोन दिवस बाजार समितीला द्या, आणि नंतरचे चार तास वहीतल्या प्रश्नांना.

ग्रुपवर मी हेच लिहिलं आहे. नाशिकहून लासलगाव साधारण साठ किलोमीटर, एका वर्गाच्या बसचा खर्च आम्ही जुने विद्यार्थी सहज उचलू. फक्त सहल मार्च-एप्रिलमध्ये ठेवू नका. तेव्हा उन्हाळ कांद्याची आवक असते खरी, पण मुलांच्या परीक्षाही असतात. दिवाळीनंतर लाल कांदा येऊ लागला की जा, आणि सकाळी लवकर पोहोचा, लिलाव सुरू व्हायच्या आत.