पसंतीक्रम नक्की कुणाचा?

दरवर्षी तेच! अभियांत्रिकीच्या कॅप फेरीचा, म्हणजे केंद्रीय प्रवेशप्रक्रियेचा, ऑप्शन फॉर्म (कॉलेज-शाखांची पसंतीक्रमाने यादी) आला की मागच्या वर्षीची कटऑफ उघडायची, वरून खाली पर्सेंटाइल लावायचे आणि तीच यादी मुलाची पसंती म्हणून सायबर कॅफेत भरून मोकळं व्हायचं. अहो, कटऑफ म्हणजे त्या जागेवर शेवटी प्रवेश मिळालेल्याचे पर्सेंटाइल. त्यातून गर्दी कळते. पोराला ते शिकायचंय का, हे कसं कळणार?

यंत्रं खोलण्यात रमणाऱ्या मुलाच्या फॉर्मवर वर सगळं कॉम्प्युटर आणि मेकॅनिकल पार तळाशी! का, तर ‘चांगले पर्सेंटाइल वाया जातील’. प्रत्येकाचा फॉर्म गुणवत्ताक्रमाने, वरून खाली तपासला जातो. बसणारी पहिली जागा मिळाली की खालचे पर्याय त्या फेरीत पाहिलेच जात नाहीत. म्हणजे हवी ती शाखा वर टाकून खालची संधी बुडत नाही, खाली टाकली तर मात्र हातची जाते. त्यात पहिल्या फेरीत पहिलाच पर्याय मिळाला तर जागा आपोआप पक्की, पुढच्या फेऱ्या बंद.

आधी विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचा अभ्यासक्रम तरी डाउनलोड करा. कॉम्प्युटरला ऑपरेटिंग सिस्टिम, मेकॅनिकलला हीट ट्रान्सफर, असले विषय पोराला वाचू द्या. आणि फॉर्म कन्फर्म करण्याआधी क्रम त्यालाच लावू द्या ना!