पठारावर पवनचक्की आली, आता घराच्या भावाचं काय?

पवनचक्की शेजारी आली की घराची किंमत किती पडते, असं कुणी विचारलं की लगेच एखादी टक्केवारी पुढे केली जाते. ती बहुतेक वेळा इंग्लंड, हॉलंड नाहीतर अमेरिकेची असते. आकडे खोटे नाहीत, पण पाटण, जत, साक्री किंवा कवठेमहांकाळच्या घराला ते चिकटवले की आपल्याकडे भाव खरोखर कशानं पडतो ते बाजूलाच राहतं.

आधी ते आकडे. इंग्लंड-वेल्समध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या अभ्यासात दोन किलोमीटरच्या आत, पवनचक्क्या नजरेस पडणाऱ्या घरांचे भाव सरासरी ५ ते ६ टक्क्यांनी कमी दिसले. नेदरलँड्समध्ये दोन किलोमीटरच्या आत सरासरी घट दीड टक्क्याच्या आसपास, पण दीडशे मीटरपेक्षा उंच यंत्रांजवळ ती ५ टक्क्यांवर गेली. अमेरिकेत बर्कले प्रयोगशाळेनं २०१३ मध्ये पन्नास हजारांहून जास्त घरविक्रीचे व्यवहार तपासले आणि त्यांना ठोस घट सापडली नाही. तिथल्याच नंतरच्या अभ्यासात प्रकल्प जाहीर झाल्यावर सुमारे दीड किलोमीटरच्या आतल्या घरांचे भाव ११ टक्क्यांपर्यंत उतरले आणि यंत्रं सुरू झाल्यावर तीन ते पाच वर्षांत पुन्हा सावरले. ही घट फक्त अडीच लाखांवर लोकवस्ती असलेल्या काउंट्यांमध्ये (तिथल्या जिल्ह्यांमध्ये) होती, ग्रामीण भागात नव्हती. टक्केवारी पुढे करताना हे शेवटचं वाक्य सहसा गाळलं जातं.

असे अभ्यास होतात कारण तिथे घरं सतत विकली जातात आणि प्रत्येक विक्रीची खरी किंमत नोंदली जाते. आपल्या गावठाणातलं घर पिढ्यान् पिढ्या बाजारात येत नाही. जे दस्त होतात ते वाटणीपत्र, हक्कसोडपत्र, बक्षीसपत्र. त्यातली किंमत रेडी रेकनरला, म्हणजे सरकारी दराला धरून लिहिलेली, बाजाराला धरून नाही. मग टक्केवारी काढायची कशावरून? आपल्याकडे भाव असतो तो मोकळ्या जागेला, रस्त्याकडेच्या गुंठ्यांना, मळ्यातल्या शेतघराला आणि ठोसेघर-चाळकेवाडीच्या बाजूला पुण्या-मुंबईकरांनी घेतलेल्या फार्महाऊसला. नुकसान मोजायचं तर तिथे मोजायला हवं.

आता अंतर. केंद्राच्या नवीन आणि नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार कुठल्याही राहत्या घरापासून ५०० मीटरच्या आत पवनचक्की उभारायची नाही. कारण दिलंय आवाजाचं. रस्ते, इमारती आणि मोठ्या वीजवाहिन्यांसाठी वेगळं सूत्र आहे: मनोऱ्याची उंची, अधिक पात्यांच्या वर्तुळाचा निम्मा व्यास, अधिक ५ मीटर. मनोरा १४० मीटर आणि वर्तुळाचा व्यास १४० मीटर धरला तर १४० + ७० + ५, म्हणजे २१५ मीटर. यंत्र मुळासकट आडवं पडलं तरी इमारतीवर येऊ नये, एवढाच त्याचा अर्थ. गावात बैठकीला आलेला माणूस जेव्हा "नियमात बसतं" म्हणतो, तेव्हा तो २१५ म्हणतोय की ५००, हे तिथल्या तिथे विचारा.

या ५०० मीटरांत एक फट आहे. गावठाणाबाहेरच्या वस्त्या, मळ्यातली घरं, धनगरवाडे यांची बऱ्याचदा ग्रामपंचायतीच्या नमुना ८ ला, म्हणजे घरांच्या आकारणी यादीत, नोंदच नसते. नकाशावर घर नसेल तर मोजणी गावठाणाच्या हद्दीपासून धरली जाते आणि वस्तीपासून यंत्र अडीचशे मीटरवर येऊन बसतं. म्हणून जागा पक्क्या होण्याआधी घराची आकारणी नोंद करून घ्या. घरपट्टीची पावती, वीजबिल आणि अक्षांश-रेखांशासह घराचा फोटो जोडून ग्रामपंचायतीत अर्ज द्या, पोच घ्या. यंत्राचा पाया भरल्यावर ही नोंद केली तर तिचा उपयोग फार कमी.

आवाजाचा ढोबळ हिशेब घरी बसून करता येतो. दोन-तीन मेगावॅटच्या यंत्राची ध्वनिशक्ती साधारण १०५ डेसिबल असते. सपाट माळावर ती २५० मीटरवर ४८ च्या आसपास उतरते, ५०० मीटरवर ४० आणि किलोमीटरवर ३२-३३. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल. म्हणजे पाचशे मीटरवरचं एकटं यंत्र नियमात बसतं, अडीचशेवरचं बसत नाही. पण तुमच्या घराभोवती पाचशे मीटरवर सारखी चार यंत्रं असतील तर ६ डेसिबल वाढतात, चाळीसाचे शेहेचाळीस होतात आणि रात्रीची मर्यादा ओलांडली जाते. प्रत्येक यंत्र आपापल्या जागी नियमात, आणि घर मात्र नियमाबाहेर. म्हणून एका यंत्राचं पत्रक पाहून समाधान मानू नका, सगळ्या यंत्रांचा एकत्रित आवाज तुमच्या घरापाशी किती येईल याचा नकाशा मागा.

सगळ्यात जास्त तक्रार पावसाळ्यात येईल असं वाटतं, कारण तेव्हा यंत्रं सर्वात जोरात फिरतात. पण तेव्हा वारा आणि पाऊस यांच्या आवाजात पात्यांचा आवाज बुडतो. त्रास होतो तो दिवाळीनंतरच्या थंड, निवांत रात्री. खाली खोऱ्यातल्या गावात पानही हलत नाही आणि वर पठाराच्या कडेला शंभर-दीडशे मीटर उंचीवर वारा चालू असतो. पार्श्वभूमीला काहीच आवाज नसल्यामुळे पात्यांचा सपसप असा ठेका स्पष्ट ऐकू येतो. जागा घ्यायची असेल तर अशाच रात्री तिथे तासभर थांबा. दुपारी बारा वाजता ऐकून काहीही कळत नाही.

आवाजाचा प्रकारही ओळखायला शिकावं. तीन पात्यांतलं एकच शिट्टी घालत असेल तर त्याची कड झिजलेली असते किंवा विजेनं टोक फुटलेलं असतं. यंत्र वाऱ्याकडे तोंड वळवताना कर्कश किंचाळत असेल तर तिथले ब्रेक चिकटलेत. सतत एकसुरी घरघर असेल तर गिअरबॉक्स. हे तिन्ही दुरुस्त होणारे दोष आहेत. तक्रारीत "फार आवाज येतो" एवढंच लिहिण्याऐवजी यंत्राचा क्रमांक, वेळ आणि आवाजाचा प्रकार लिहिला तर टाळाटाळ करायला जागा उरत नाही. मोजमाप मोबाइलच्या ॲपवर करू नका. प्रमाणित ध्वनिमापक लावून, रात्री, आधी यंत्र चालू असताना आणि मग दहा मिनिटं बंद ठेवून मोजायला सांगा. दोन्हींतला फरक तीन डेसिबलपेक्षा कमी आला तर आवाज यंत्राचाच हे सिद्ध करणं अवघड जातं.

सावलीचं गणित दिशेवर आहे. आपल्या अक्षांशावर सूर्य वर्षभरात पश्चिमेच्या दोन्ही बाजूंना साधारण २५ अंशांत मावळतो. यंत्र तुमच्या घराच्या पश्चिमेला या पट्ट्यात आणि दीडेक किलोमीटरच्या आत असेल तर संध्याकाळी पात्यांची सावली भिंतीवरून सरकू शकते. यंत्र पूर्वेला असेल तर सकाळी. उत्तरेला किंवा दक्षिणेला असेल तर घराला सावलीचा त्रास नाही. यंत्र मिनिटाला १२ फेरे घेत असेल तर मिनिटाला ३६ वेळा उजेड-अंधार होतो आणि त्या खोलीत बसून वाचणं अशक्य होतं. पावसाळ्यात ढगांमुळे हे टळतं, त्रास ऑक्टोबरपासून मेपर्यंत. जर्मनीत ढगविरहित आकाश धरून वर्षाला ३० तास आणि दिवसाला ३० मिनिटं ही मर्यादा मानतात. कंपनीकडे संगणकावर हा हिशेब करण्याची सोय असते, मागितला तर घरागणिक तारखा आणि वेळा मिळतात. त्या वेळेपुरतं यंत्र आपोआप थांबवताही येतं. करारात लिहून घेतलं तर.

आणि आता तारा. यंत्रापेक्षा तारांनी घराचं जास्त नुकसान होतं, असं माझं ठाम मत आहे. यंत्रापासून सबस्टेशनपर्यंत ३३ केव्हीची (३३ हजार व्होल्टची) लाइन जाते. इमारतीपासून तिचं अंतर उभं ३.७ मीटर आणि आडवं २ मीटर लागतं, तेही तार उन्हात सर्वात जास्त लोंबलेली आणि वाऱ्यानं झुललेली धरून. आज घर बैठं, कौलारू आहे म्हणून लाइन नियमात बसते. उद्या मुलानं स्लॅब टाकून वर मजला काढायचं ठरवलं की अंतर संपलं. घराचा वरचा मजला गेला आणि त्याचे पैसे कुणीच दिले नाहीत. केंद्राच्या जून २०२४ च्या सूचनांत मनोऱ्याच्या पायाखालच्या जमिनीला मूल्याच्या २०० टक्के आणि तारांखालच्या पट्ट्याला ३० टक्के भरपाई सांगितली आहे, पण त्या ६६ केव्ही आणि त्यावरच्या लाइनसाठी. तुमच्या दारावरून जाणारी ३३ केव्ही त्यात येत नाही. तिथे फक्त तुमचा करार कामाला येतो. घरांजवळच्या टप्प्यात लाइन भूमिगत केबलनं न्यायला सांगा, ते जमत नसेल तर खांब रस्त्याच्या कडेनं किंवा बांधावरून, आणि सही करण्याआधी प्रत्येक खांबाची जागा नकाशावर.

पात्यांखालच्या जमिनीचंही असंच. १४० मीटर व्यासाचं वर्तुळ दीड हेक्टरपेक्षा जास्त जागा व्यापतं. यंत्रासाठी एक हेक्टरचा चौकोनी तुकडा घेतला, तर त्याची बाजू १०० मीटर, मध्यापासून कड ५० मीटर. पातं ७० मीटरचं. म्हणजे वीस मीटर पातं शेजाऱ्याच्या शेतावरून फिरतं. शेजाऱ्याची संमती घेतली आहे का, मोबदला ठरलाय का, हे विचारणं त्याचा हक्क आहे.

पण सगळ्यात मोठा हिशेब वेगळाच आहे. पाचशे मीटर त्रिज्येचं वर्तुळ म्हणजे ७८ हेक्टर, जवळपास १९० एकर. पैसे मिळतात एका हेक्टरचे. उरलेल्या सत्त्याहत्तर हेक्टरवर शेती पूर्वीसारखीच चालते, ज्वारीला आणि गुरांना काही फरक पडत नाही, हे खरं. त्या जागेत तुम्ही स्वतः घर बांधायला पाचशे मीटरचा नियम आडवा येत नाही, तो कंपनीसाठी आहे. पण घरासाठी जागा शोधणारं गिऱ्हाईक आणि कर्ज देणाऱ्या बँकेचा मूल्यांकनकार दोघंही मागे सरकतात. म्हणून आपल्याकडे उभ्या घरापेक्षा मोकळ्या प्लॉटचा भाव जास्त पडतो, आणि तो ज्याचा पडतो त्याला एक रुपयाही मिळालेला नसतो. हे अन्यायाचं आहे आणि त्यावर उपाय आहेत. डेन्मार्कमध्ये २००९ पासून कायदाच आहे: पवनचक्कीमुळे घराची किंमत एक टक्क्यापेक्षा जास्त पडली तर उभारणाऱ्यानं भरपाई द्यायची. यंत्राच्या उंचीच्या सहापट अंतराच्या आत घर असेल आणि नुकसान त्याहून जास्त ठरलं तर मालक आपलं घर प्रकल्पवाल्याला विकूही शकतो. २१० मीटर उंचीच्या यंत्राला ते अंतर १,२६० मीटर होतं. आपल्या राज्याला हे जमणार नाही असं मानायचं कारण नाही.

तोपर्यंत कागद सांभाळा. जमीन भाड्यानं देत असाल तर आधी पोटहिस्सा मोजणी करून यंत्राच्या तुकड्याचा सातबारा वेगळा करून घ्या. नाहीतर भाडेपट्टा आणि कंपनीच्या कर्जाचा बोजा अख्ख्या गटाच्या 'इतर अधिकारात' चढतो आणि त्याच गटातल्या तुमच्या घराला कर्ज मिळत नाही, गिऱ्हाईक मिळत नाही. एक वर्षावरचा भाडेपट्टा नोंदणीकृतच लागतो. नोटरीच्या स्टॅम्पवर तीस वर्षांचा करार करून ठेवला असेल तर भांडण झाल्यावर तो हातात घेऊन काही होत नाही. गावठाणातल्या घराचं स्वामित्व योजनेतलं मिळकत पत्र घेऊन ठेवा, भरपाई मागताना हद्द त्यावरच ठरते. पायासाठी कातळात सुरुंग लागणार असतील तर आधी भिंतींचे तारखेसह फोटो आणि विहिरीच्या पाण्याची पातळी कंपनीच्या माणसासमोर नोंदवून दोघांच्या सह्या घ्या. रस्ता करताना ओढ्यावर मोरी टाकली का तेही बघा. पठारावर नवीन रस्त्यानं पाणी अडून मुरूम घरात शिरतो, तो पहिल्याच पावसात.

रस्त्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. सत्तर मीटरचं पातं वर न्यायला जो रस्ता होतो, त्यानं कित्येक वाड्यांपर्यंत पहिल्यांदा गाडी पोचते. यंत्रापासून किलोमीटरभर लांब पण त्या रस्त्याला लागून असलेल्या जागेचा भाव वाढतो. म्हणून भाव बघायचा तर नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर शेजारच्या गटांचे सूची क्रमांक दोन (नोंदवलेल्या दस्तांचा गोषवारा) काढा, प्रकल्पाआधीची पाच वर्षं आणि नंतरची पाच वर्षं, अंतर वेगळं लिहून. दलालाच्या तोंडच्या भावापेक्षा हे दहा-पंधरा दस्त जास्त खरं सांगतात.

वनकुसवडे-चाळकेवाडी परिसरातल्या घरमालकांसाठी एक निकडीची गोष्ट. तिथली ३५० किलोवॅटची जुनी यंत्रं २००० च्या आसपासची आहेत, म्हणजे त्यांचं आयुष्य संपत आलंय. डिसेंबर २०२३ च्या केंद्रीय धोरणानुसार दोन मेगावॅटपेक्षा लहान यंत्रं काढून त्यांच्या जागी मोठी बसवता येतात. तुमच्या घरापासून तीनशे मीटरवरच्या छोट्या यंत्राची सवय झाली असेल, पण त्या जागी दुप्पट-तिप्पट उंचीचं यंत्र येणार असेल तर तो नवा प्रकल्प आहे आणि पाचशे मीटर पुन्हा मोजायला लावले पाहिजेत. ग्रामपंचायतीनं ना-हरकत देण्याआधी ठरावात चार ओळी घालून घ्या: नवीन जागांचं प्रत्येक घरापासून मोजलेलं अंतर, सगळ्या यंत्रांचा एकत्रित आवाजाचा नकाशा, सावलीचं वेळापत्रक, आणि जुन्या यंत्राचा पाया जमिनीखाली किती खोलीपर्यंत, कुणाच्या खर्चानं आणि किती महिन्यांत काढणार ते.