‘बारा माणसांच्या शॉपला इंटर्न कशाला?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया खरमरीत आहे, पण मुद्द्याची आहे, म्हणून सविस्तर लिहितो. इतर वाचकांसाठी थोडक्यात: बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, तुमचं बारा माणसांचं मशीन शॉप आहे. गेल्या उन्हाळ्यात इंजिनिअरिंगचा एक मुलगा सहा आठवड्यांसाठी आला. ‘बघ काय चाललंय ते’ म्हणून तुम्ही त्याला शॉपवर सोडलं, तो मोबाईल बघत बसला आणि शेवटच्या दिवशी सर्टिफिकेट मागायला केबिनमध्ये उगवला. तुमचं म्हणणं असं की इंटर्नशिप हे मोठ्या कंपन्यांचं नवं खूळ आहे. लहान कारखानदाराने शिकवायचं, वर पैसेही द्यायचे आणि मुलाने शिकून दुसरीकडे जायचं, हा कुठला न्याय?

तुमच्या फोरमनला दोन मशीनमध्ये धावताना चहा प्यायलाही फुरसत नसेल, तर इंटर्न खरंच घेऊ नका. ओळखीच्या प्राध्यापकांच्या भिडेखातर तर मुळीच नको. पण घ्यायचा असेल तर तो गेटमधून आत येण्याआधी त्याचं काम ठरलेलं हवं. ‘बघ काय चाललंय ते’ हे काम नव्हे. विशीतल्या पोराला दिवसभर नुसतं उभं केलं तर तो मोबाईल काढणारच. त्याच्या वयात आपल्या खिशात मोबाईल नव्हता, एवढाच फरक.

काम कसलं द्यायचं? ज्याच्यावाचून डिस्पॅच अडेल असं कधीच नाही. करायला हवं हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण सवड कोणालाच नाही, असं एखादं काम प्रत्येक शॉपमध्ये पडलेलं असतं. समजा एखादा बुश (नळीसारखा पोकळ भाग) वारंवार रिजेक्ट होतोय. इन्स्पेक्शनच्या रजिस्टरात नोंदी आहेत, पण त्या एकत्र मांडून कोणी पाहिल्या नाहीत. पोराला तेवढंच सांगा: सहा महिन्यांच्या नोंदी एक्सेलमध्ये उतरव, बोअर (आतलं भोक) मोठा झाला, लांबी कमी भरली की फिनिश खराब आलं, हे वेगळं काढ, कोणतं मशीन, कोणती पाळी, इन्सर्ट (हत्याराचं बदलायचं पातं) बदलल्यावर कितवा नग, ते लिही. मग त्याला बोअर गेज देऊन मशीनपाशी उभा करा, आणि तो काय बघतोय हे ऑपरेटरला आधीच सांगून ठेवा, नाहीतर शेठने आपल्यावर पाळत ठेवली असं वाटून सगळं शॉप बिथरेल. कारण सापडेलच असं नाही. पण आज तुमच्याकडे नसलेला एक धड तक्ता तरी हाती येईल, आणि मुलाला व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) बोलायला स्वतःचं काहीतरी असेल. फिक्स्चरच्या (जॉब पकडून ठेवणाऱ्या साच्यांच्या) रॅकची यादी, व्हीएमसीच्या (संगणकावर चालणाऱ्या मिलिंग मशीनच्या) सेटिंगमध्ये जाणारा वेळ, जुन्या रिव्हिजनच्या ड्रॉइंगांची छाटणी, हीही अशीच कामं.

कामाचं माप मुदतीवरून घ्या. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) हिशेबात इंटर्नशिपचा एक क्रेडिट म्हणजे ३० तास. बी.एस्सी., बी.कॉम.चा विद्यार्थी चार क्रेडिटसाठी आला तर १२० तास, म्हणजे रोज आठ तास धरून पंधरा दिवस. त्याला रॅकची यादी पुरे. रिजेक्शनचं काम सहा आठवडेवाल्याला.

शिकवायला फोरमनच हवा असंही नाही. एखादा जुना सेटर (मशीन लावून देणारा), ज्याला बोलायची हौस आहे, तो रोज सुटीआधी पंधरा मिनिटं बसला तरी भागतं. ती पंधरा मिनिटं मात्र त्याच्या उत्पादनातून वजा करा. ते न करता ‘जरा पोराकडे बघ’ म्हटलं, की ‘काले आवजो’ (उद्या या) सुरू होतं.

आता पैशाचं. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान इंटर्नशिप योजनेत महिना ५००० रुपये ठरले: सरकारचे ४५००, कंपनीचे ५००. ती योजना देशातल्या आघाडीच्या ५०० कंपन्यांसाठी. तुमच्या-माझ्यासाठी नाही, म्हणजे आपल्याला तो सगळा भार स्वतः उचलावा लागतो हे खरं. तरी माझं मत, फुकट ठेवू नका. फुकट आलेल्या मुलाकडून आपण काम मागत नाही आणि त्यालाही द्यावंसं वाटत नाही. निदान जाण्यायेण्याचा खर्च आणि दुपारचं जेवण द्याच.

‘शिकून निघून जातात’ हा राग मात्र अनाठायी आहे. सहा आठवड्यांचा विद्यार्थी जायलाच आलेला असतो. टिकणारा माणूस हवा असेल तर अप्रेंटिस (शिकाऊ उमेदवार) घ्या. तो रस्ता वेगळा, रीतसर कराराचा. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याखाली ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला अप्रेंटिस घेणं बंधनकारक आहे, एकूण माणसांच्या अडीच ते पंधरा टक्के. चार ते २९ माणसं असतील तर ऐच्छिक. तुम्ही बारावाले, तेव्हा सक्ती नाही, पण दार उघडं आहे.

आणि हे नवं खूळ नव्हे हो. याच बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन काढलं ते हाताला काम शिकवण्यासाठीच. ते उभारणारे त्रिभुवनदास गज्जर पुढे १९०७ मध्ये कोटीभास्कर आणि अमीन यांच्यासोबत अलेम्बिक या औषध कंपनीच्या स्थापनेत होते. शिकणं आणि कारखाना यांचं नातं या गावाला कोणी बाहेरून येऊन सांगायला नको.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, तरी सांगतो, कारण लहान शॉपमध्ये हीच राहून जाते. मुलगी इंटर्न आली तर? कार्यस्थळी लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा प्रशिक्षणार्थीलाही ‘कर्मचारी’ मानतो, आणि दहा किंवा जास्त माणसं असतील तिथे अशा तक्रारींसाठी अंतर्गत समिती हवीच. तुमच्याकडे बारा आहेत. स्वच्छ, आतून कडी लागणारं वेगळं स्वच्छतागृह तर त्याही आधी. ‘आमच्याकडे मुली नकोत, सोय नाही’ म्हणणारे बरेच भेटतात. सोय करायला महिनासुद्धा लागत नाही.

पुढच्या उन्हाळ्यासाठी पुन्हा बघायची इच्छा असेल तर फेब्रुवारीतच कॉलेजच्या प्लेसमेंट सेलला पत्र टाका. मे महिन्यात लग्नसराईमुळे निम्मे कारागीर गावी असतात, त्यामुळे सुरुवात जूनमध्ये ठेवता आली तर बरं. पत्रात काम एका वाक्यात लिहा, कामाच्या वेळा आणि मानधन लिहा, अपघात विमा कॉलेजचा आहे की तुम्ही काढणार ते विचारा. सेफ्टी शूज कोण आणणार हेही त्यातच लिहून टाका, नाहीतर पहिल्या दिवशी पोरगा चप्पल घालून येतो आणि त्याला गेटवरूनच परत पाठवावं लागतं.