जाड बोटं, टेनर युकुलेले आणि सोसायटीच्या ग्रुपवरचा सल्ला

पाण्याचा टँकर आणि पार्किंग यांवरून आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर कायम जुंपलेली असते. त्यातच गेल्या आठवड्यात एक फॉरवर्ड येऊन पडला, 'युकुलेले घेताय? मग हे वाचाच!' सार असा: सोप्रानो म्हणजे लहान मुलांचं खेळणं. बायकांना कॉन्सर्ट, पुरुषांना टेनर. बोटं जाड असतील तर टेनरशिवाय गत्यंतर नाही. आणि पुढे गिटार शिकायची असेल तर सरळ बॅरिटोन घ्या, कारण वाद्य जेवढं मोठं तेवढं सोपं. दोन दिवसांत हाच मजकूर ऑफिसच्या ग्रुपवर आला, मग नाशिकच्या मावसभावाकडून. आमच्या शेजारच्या वहिनी तर तो वाचून दुकानात निघाल्याच होत्या.

ज्यांना ही नावं नवीन आहेत त्यांच्यासाठी: युकुलेले म्हणजे गिटारसारखं दिसणारं चार तारांचं छोटं वाद्य, आणि ही त्याची चार मापं. सोप्रानो साधारण 21 इंच लांब, कॉन्सर्ट 23, टेनर 26 आणि बॅरिटोन 30च्या आसपास.

आधी बोटांचं बघू, कारण तो माझा जिव्हाळ्याचा विषय आहे. मी वडापाव हातात धरला की वडा दिसत नाही, नुसता पाव दिसतो. अशा बोटांची अडचण नेमकी काय होते? एक तार दाबताना शेजारच्या तारेला बोट लागतं आणि ती मुकी होते. म्हणजे प्रश्न दोन तारांमधल्या अंतराचा आहे, वाद्याच्या लांबीचा नाही. आणि हे अंतर साइजप्रमाणे फारसं बदलतच नाही. गळ्याच्या टोकाला तारा ज्या पट्टीवर टेकतात ती नट सोप्रानो असो वा टेनर, बहुतेक 35 ते 38 मिलिमीटर रुंद असते. मुलाच्या कंपासपेटीतली पट्टी घेऊन मी घरचा सोप्रानो आणि मित्राचा टेनर मोजला. पहिल्या आणि चौथ्या तारेतलं अंतर एकाचं 28 मिलिमीटर, दुसऱ्याचं 29. या एका मिलिमीटरसाठी लोक दीड-दोन हजार जास्त मोजतात.

वाढतं ते उभं अंतर, एका फ्रेटपासून, म्हणजे गळ्यावरच्या आडव्या धातूच्या पट्टीपासून, दुसऱ्यापर्यंतचं. पहिला फ्रेट नटपासून सोप्रानोवर सुमारे 19 मिलिमीटरवर असतो, कॉन्सर्टवर 21, टेनरवर 24. याचा उपयोग अजिबात नाही असं म्हणणार नाही. कॉर्ड म्हणजे एकदम वाजवायचे तीन-चार सूर. त्यातल्या डी कॉर्डमध्ये दुसऱ्याच फ्रेटवर तीन बोटं दाटीवाटीने बसवावी लागतात, सकाळी सव्वानऊला ठाण्याच्या फलाटावर माणसं उभी असतात तशी. टेनरवर ती थोडी तिरकी, मागेपुढे मांडता येतात. पण सोप्रानोवर तीच कॉर्ड एका बोटाच्या आडव्या पेराने तीन तारा दाबून वाजते, आणि त्यासाठी जाड बोट उलट बरं पडतं.

बोटं दुखतात ती मात्र बऱ्याचदा तिसऱ्याच कारणाने. माझं पहिलं युकुलेले स्टेशनजवळच्या एका दुकानातून घेतलं होतं. एफ कॉर्ड धरली की कानाला खुपायची, बोटांच्या टोकांवर वळ उठायचे. महिनाभर मी स्वतःच्या बोटांना शिव्या घातल्या. मग कुणीतरी सांगितलं म्हणून ट्यूनर, म्हणजे कुठला सूर वाजतोय ते काट्याने दाखवणारं यंत्र, लावून पाहिलं. ई ची तार मोकळी छेडली तर सुरात, पहिल्या फ्रेटला दाबली तर काटा एफच्या बराच पुढे. नटच्या खाचा उथळ होत्या, त्यामुळे तार उंच राहायची आणि दाबताना ताणली जाऊन सूर चढायचा. नौपाड्यात गिटार दुरुस्त करणाऱ्या एका मुलाने बारीक कानशीने चारही खाचा घासल्या. पंधरा मिनिटांचं काम. तोच सोप्रानो, तीच बोटं, आणि एफ वाजली. दुकानात जाल तेव्हा हे दोन मिनिटांत तपासता येतं: प्रत्येक तार पहिल्या फ्रेटला, मग बाराव्या फ्रेटला दाबून ट्यूनर बघायचा. बाराव्याला मोकळ्या तारेचाच सूर एक सप्तक वर यायला हवा. हे जुळत नसेल तर साइज कुठलीही असो, ते वाद्य परत ठेवा.

'मोठं तेवढं सोपं' हेही सरसकट खरं नाही. सोप्रानो, कॉन्सर्ट आणि टेनर तिन्ही एकाच सुरात लावतात. तार लांब झाली की तोच सूर मिळवायला ताण वाढवावा लागतो. टेनरच्या तारांचे संच वेगळे येतात खरे, तरी बोटाला त्या साधारणपणे जास्त ताठ लागतात.

खेळण्याच्या आरोपाबद्दल एवढंच सांगतो. 1879 साली मदेरा बेटावरून पोर्तुगीज कामगार जहाजाने होनोलुलूला पोहोचले, त्यांच्याबरोबर तिथलं छोटं चार तारांचं वाद्य गेलं आणि त्यातून युकुलेले घडलं. हवाईच्या राजा कालाकाउआने ते दरबारात वाजवून घेतलं. ते वाद्य म्हणजे आज आपण ज्याला सोप्रानो म्हणतो ते. मोठी भावंडं विसाव्या शतकात जन्मली. म्हणजे खेळणं ठरवलंय ते घराण्याच्या मूळ पुरुषाला. बायका-पुरुषांच्या वाटणीवर तर मी शब्द खर्च करत नाही.

मग टेनर कुणी घ्यावा? कारण आहे, आणि ते फॉरवर्डमध्ये नेमकं नाही. नेहमीच्या युकुलेलेत तोंडाकडची सर्वांत वरची जी ची तार खर्जातली नसते, चढी असते. सर्वांत खालचा सूर सी, म्हणजे पेटीवरची मधल्या सप्तकातली पांढरी एक. नुसत्या कॉर्ड धरून गाणार असाल तर काही बिघडत नाही. पण आपल्या चाली वाजवायच्या म्हटल्या की अडतं. पांढरी एकला सा धरला तर मंद्र सप्तकात उतरायला जागाच नाही, आणि भावगीत असो वा अभंग, चाल कुठेतरी मंद्र पंचमाला टेकून वर येतेच. त्यावर उपाय म्हणजे लो जी ची तार: तीच जी, पण एक सप्तक खाली. म्हणजे बरोब्बर मंद्र पंचम. ही तार सोप्रानोवर लोळते, कॉन्सर्टवर चालते, टेनरवर खुलते. वहिनी पेटीवर गाणी बसवतात. त्यांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी टेनरच घेतला, फॉरवर्डप्रमाणे पुरुषांचा.

बाकी मी स्वतः ठाणे-वाशी लोकलने कोपरखैरण्याला जातो. सोप्रानो पाठीवरच्या सॅकमध्ये डब्याशेजारी मावतो. टेनर खांद्यावर घेऊन त्या गर्दीत एकदाच चढलोय.

राहिला बॅरिटोन. तो गिटारच्या खालच्या, म्हणजे जमिनीकडच्या, चार तारांसारखा लावतात: डी, जी, बी, ई. त्यामुळे गिटारकडे जायला तो जवळचा, हे फॉरवर्डमधलं वाक्य बरोबर आहे. पण नवख्याला कुणी सांगत नाही की युकुलेलेच्या व्हिडिओत दाखवतात ती सी कॉर्ड बॅरिटोनवर धरली की जी वाजते. आमच्या वरच्या मजल्यावरच्या मुलाचं हेच झालं. तीन आठवडे तो व्हिडिओबरोबर वाजवत होता आणि घरातले सगळे त्याला बेसूर म्हणत होते, तर बिचारा प्रत्येक कॉर्ड अचूक धरत होता. आता बॅरिटोनवर सी-सुरात, म्हणजे बाकीच्या तिघांसारख्या, लावायच्या तारांचा वेगळा संच मागवलाय. तो येईपर्यंत माझा सोप्रानो त्याच्याकडे आहे. बोटं त्याची माझ्यापेक्षा जाड, आणि डी कॉर्ड काल रात्री जिन्यातून स्वच्छ ऐकू आली.